किल्ला पाहिला, आता सकाळची एसटी पाहा



आमच्या कंधारला पाहुणा आला की त्याला आधी किल्ला दाखवायचा, ही इथली रीत. राष्ट्रकूटांच्या काळात, म्हणजे हजार-अकराशे वर्षांपूर्वी, हे मोठे नगर होते. किल्ल्याची बांधणी दहाव्या शतकातल्या तिसऱ्या कृष्ण राजाच्या नावे सांगतात. तलावाला जगत्तुंग समुद्र म्हणतात. 'जगत्तुंग' हे राष्ट्रकूटांचेच बिरुद. क्षेत्रपालाच्या प्रचंड मूर्तीचे तुकडे इथे सापडले, ते पाहून माणूस थक्क होतो. पुढे बहमनी आले, निजामशाही आली, 1631 मध्ये मोगलांनी किल्ला घेतला आणि शेवटी 1948 पर्यंत हैदराबादच्या निजामाचा अंमल राहिला.

हा झाला राजांचा इतिहास. तटाचे दगड कोणी वाहिले, तलावाची माती कोणी उपसली, त्यांची नावे कोणी कोरून ठेवली नाहीत. म्हणून किल्ला पाहून झाला की मी पाहुण्याला बसस्थानकावर नेतो. आपल्या माणसांचा इतिहास मला तिथे जास्त दिसतो.

1900 च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे नांदेडवरून गेली. कंधार बाजूलाच राहिले. आजही रेल्वे पकडायची तर सुमारे 50 किलोमीटरवरचे नांदेड गाठावे लागते. निजामाच्या रेल्वे खात्याने 1932 मध्ये 27 गाड्यांवर बससेवा सुरू केली. पण खेड्यातल्या माणसाच्या वाट्याला बैलगाडी, नाहीतर पायपीटच होती.

आणि बैलगाडी तरी आपल्याला कोण देणार? 1901 मध्ये लहानगे भीमराव भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावकडे निघाले. मसूर स्टेशनवर उतरले. मुले महारांची आहेत कळताच एकही गाडीवान तयार होईना. अखेर ठरले ते असे : भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार! पैसे मोजूनही माणुसकी मिळत नव्हती, असा तो जमाना.

1 जून 1948 रोजी पुण्याहून तेव्हाच्या अहमदनगरला पहिली एसटी धावली. मराठवाडा 1956 मध्ये मुंबई राज्यात आला आणि 1961 मध्ये इथली बससेवाही महामंडळात मिळाली. या लाल गाडीच्या तिकिटावर जातीचा रकाना नव्हता. लोकांच्या मनातली जात गेली नाही, गावच्या हॉटेलात आपली कपबशी वेगळीच राहिली. पण गाडीत भेद एकच, अर्धे तिकीट की पूर्ण तिकीट. ज्यांच्या सावलीचा विटाळ होई, ते पाटलाच्या शेजारी एका बाकावर बसले. याच गाडीने आपली पोरे तालुक्याला शिकायला आली, पुढे नांदेडला गेली, बाबासाहेबांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या मिलिंद महाविद्यालयापर्यंत पोचली.

म्हणून सांगतो, खेड्यातली सकाळची एसटी बंद पडते, तेव्हा नुसती गाडी बंद पडत नाही. मोठ्या शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल असते. मजुराच्या घरी ती नसते. असली तरी मुलगा घेऊन जातो. मुलीला मात्र म्हणतात, "जीपमध्ये दाटीवाटीनं कशाला जातीस? राहा घरी." चार दिवसांचे राहणे चार महिन्यांचे होते. मग पाहुणे बघायला येतात आणि शाळा कायमची सुटते.

मुलींना बारावीपर्यंत एसटीचा मोफत पास आहे. 17 मार्च 2023 पासून महिलांना अर्धे तिकीटही लागू झाले. सवलती चांगल्याच, पण गावात गाडीच आली नाही, तर त्या सवलतीचा हिशेब शून्य.

तेव्हा गावची गाडी बंद झाली असेल किंवा शाळेची वेळ चुकवून येत असेल, तर बसस्थानकावर नुसती तोंडी तक्रार करू नका. तोंडी तक्रारीला पोच नसते. आगारप्रमुखांच्या नावे अर्ज लिहा. शाळेत जाणाऱ्या मुला-मुलींची नावे, वर्ग आणि शाळेची वेळ त्यात घाला. मुख्याध्यापकांचे पत्र आणि ग्रामसभेचा ठराव जोडा. एक प्रत नांदेडच्या विभाग नियंत्रकांना द्या. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. एकट्याने जाऊ नका, आयाबायांना पुढे घ्या. पंधरा दिवसांनी तोच क्रमांक सांगून विचारणा करा. मी कारकुनी करतो, म्हणून अनुभवाने सांगतो : फाईल आपोआप हलत नाही, विचारणारा आला की हलते.

येत्या रविवारी विहारात वंदना झाली की पाच मिनिटे थांबा. या आठवड्यात गाडीअभावी कोणती मुलगी शाळेला गेली नाही, एवढेच विचारा आणि नावे वहीत लिहा. अर्जाची सुरुवात तिथूनच होईल.

जयभीम!