नागमोडी रेघ नसलेले जहाज

शिडाच्या लाकडी जहाजाची प्रतिकृती तयार संचातून बांधणे हा छंद आपल्याकडे विरळाच. आम्ही तिघे साहित्य शिकवणारे. आमच्या वाट्याला तो अपघाताने आला. आमच्यातल्या ज्येष्ठ बाई निवृत्त झाल्या तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या एका जुन्या विद्यार्थ्याने भेट म्हणून एक जड पेटी पाठवली. पेटीवर लिहिले होते: ‘बीगल, १८३१’, आणि खाली प्रमाण, एकास साठ. डार्विनचे जहाज बाईंच्या जेवणाच्या टेबलावर येऊन पडले, आणि पुढली दोन वर्षे, परीक्षांच्या उत्तरपत्रिकांमधून जी सवड मिळाली ती आम्ही त्या टेबलाशी घालवली.

पेटीत काय असते? प्लायवूडचा कापलेला कणा, त्याच्या खाचांत बसणाऱ्या आडव्या बरगड्या, लाकडाच्या लांब पातळ पट्ट्यांचे दोन गठ्ठे, डोलकाठ्यांसाठी गोल काठ्या, काळा आणि फिकट असा दोन रंगांचा दोरा, शिडांचे कापड, आणि भाषांतरित इंग्रजीत छापलेली एक सूचनापुस्तिका. ‘सगळे आधीच कापून दिलेले, मग तुम्ही केलेत काय?’ असे आम्हांला अनेकांनी विचारले. या छंदातले जे अधिकारी पुरुष ओंडक्यापासून स्वतः सारे घडवतात, तेही संचवाल्यांकडे थोडे नाक मुरडूनच पाहतात. या आक्षेपावर फार वेळ घालवण्याची आमची इच्छा नाही. ज्याने एकदा पट्टी पाण्यात भिजवून, उष्णतेवर वाकवून, कपडे वाळत घालायच्या चिमट्यांनी बरगडीवर दाबून धरली आहे आणि सकाळी ती उखडून पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला आहे, तो हा प्रश्न विचारणार नाही. जहाजाच्या नाळेकडे बरगड्यांचा घेर कमी होत जातो, म्हणून प्रत्येक पट्टी त्या टोकाला निमुळती तासावी लागते. तासली नाही तर पट्ट्या एकमेकींवर चढू लागतात. पिछाडीकडे याच्या उलट फटी पडतात आणि तेथे पाचरीसारखे तुकडे बसवावे लागतात. किती तासायचे हे पुस्तिकेत नसते. ते बोटांना कळते, आणि तेही तिसऱ्या-चौथ्या पट्टीनंतर. पट्ट्यांचा पहिला थर पुढे दुसऱ्याखाली कायमचा झाकला जातो, पण वरच्या थराची सगळी नितळाई या खालच्या थराच्या प्रामाणिकपणावर उभी असते.

पहिला थर पुरा झाला, फेव्हिकॉल वाळत होता, आणि त्या सक्तीच्या विश्रांतीत आम्ही जे करू नये ते केले. आम्ही वाचू लागलो.

बीगल १८२० साली वुलिच येथे पाण्यात उतरली. ब्रिटिश आरमाराच्या ‘चेरोकी’ वर्गातील ती एक. या वर्गाची शंभराहून अधिक जहाजे बांधली गेली आणि त्यांतली इतकी बुडाली की खलाशी त्यांना शवपेट्या म्हणत. मूळची दोन डोलकाठ्यांची ब्रिग. सर्वेक्षणाच्या कामासाठी तिला मागे तिसरी डोलकाठी देण्यात आली. १८३१ मध्ये दुसऱ्या सफरीपूर्वी तिची मोठी दुरुस्ती झाली. कप्तान फिट्झरॉय याने १८३९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वृत्तान्तात लिहून ठेवले आहे की, त्याने वरचा डेक मागे आठ इंच आणि पुढे बारा इंच उंच करवून घेतला. २७ डिसेंबर १८३१ रोजी ती निघाली आणि २ ऑक्टोबर १८३६ रोजी परतली. १८४५ नंतर तिने एसेक्सच्या खाडीत चोरटा व्यापार रोखणाऱ्या पहाऱ्याचे काम केले, आणि १८७० मध्ये ती मोडीत विकली गेली.

एवढे प्रसिद्ध जहाज, पण १८३१ च्या दुरुस्तीनंतर ते जसे होते तसे दाखवणारा संपूर्ण आराखडा हाती नाही. आहेत ते त्या वर्गाचे आराखडे, फिट्झरॉयचा मजकूर, सफरीतल्या आणि नंतरच्या चित्रकारांची काही चित्रे, आणि फिलिप गिडली किंग या त्या काळच्या पोरसवदा अधिकाऱ्याने कित्येक दशकांनी, म्हातारपणी, आठवणीतून काढलेल्या आकृती. या तुटपुंज्या सामग्रीवरून जहाज पुन्हा उभे करण्याचे काम लोइस डार्लिंग आणि पुढे कार्ल मार्क्वार्ट यांच्यासारख्या अभ्यासकांनी केले. मार्क्वार्ट यांचे पुस्तक १९९७ चे. म्हणजे बीगलची प्रत्येक प्रतिकृती हे एक संपादन आहे. हस्तलिखिते थोडी, त्यांतले एक आठवणीतले, आणि मूळ प्रत नष्ट.

मग आम्ही मोजपट्टी घेतली. आठ इंच म्हणजे आमच्या प्रमाणात सुमारे साडेतीन मिलिमीटर, बारा इंच म्हणजे पाच. त्या वर्गाच्या आराखड्याशी आमच्या बरगड्या ताडून पाहिल्या, तेव्हा आमच्या मोजणीनुसार डेक जुन्याच पातळीवर निघाला. पेटीवर साल १८३१, डोलकाठ्या तीन, आणि डेक मात्र १८२० चा. हे जहाज या रूपात कोणत्याही दिवशी कोणत्याही समुद्रावर तरंगलेले नव्हते. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलायचे तर आमच्या हाती संमिश्र पाठ आला होता.

यात संच बनवणाऱ्याचा मोठा गुन्हा आहे असे आम्ही म्हणत नाही. भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सक आवृत्ती तरी काय आहे? वि. स. सुखठणकरांनी १९३३ मध्ये पूर्ण केलेल्या आदिपर्वाची संहिता तशीच्या तशी कोणत्याही एका पोथीत सापडत नाही. तीही जोडूनच सिद्ध झालेली आहे. फरक आहे तो एका रेघेचा. जेथे पाठ निःसंशय नाही तेथे सुखठणकरांनी अक्षरांखाली एक बारीक नागमोडी रेघ छापली, आणि तळटीपांत नाकारलेले पाठ दिले. वाचकाला ती रेघ सांगते की येथे संपादकाने निवड केली आहे, तुम्ही वेगळी करू शकता. एवढ्या विद्वत्तेतली आम्हांला सर्वांत थोर वाटणारी गोष्ट ही चिमुकली रेघ आहे. आमच्या पेटीतल्या आराखड्यावर कणा ज्या ठाम काळ्या रेषेने काढला होता, त्याच ठाम रेषेने डेकही. कोठे पुरावा बोलतो आणि कोठे आराखडा काढणाऱ्याचा तर्क, हे कळायला मार्ग नव्हता.

आता आम्हांला जे म्हणायचे आहे ते जहाजापुरते राहत नाही. आमच्या वर्गांत विद्यार्थ्यांच्या हाती पडणारे जुने मराठी ग्रंथ अशाच पेटीतून येतात. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली आणि तीत कोणी भर घालू नये असे बजावले. कोणते पाठ बाजूला ठेवले याची नोंद मात्र आपल्याला मिळत नाही. राजवाड्यांनी १९०९ मध्ये, एकनाथपूर्व म्हणून, वेगळ्या पोथीवरची ज्ञानेश्वरी छापली आणि वाद माजला. सोळाव्या शतकाकडून तळटीपांची अपेक्षा धरणे अन्यायाचे होईल. पण आजच्या क्रमिक संपादनांचे काय? अभंग घेतला जातो, शुद्धलेखन आजच्या नियमांना बसवले जाते, अवघड रूपाच्या जागी सोपे रूप येते, एखादे कडवे गळते, आणि या सगळ्याची साधी खूणही पानावर राहत नाही. मग आम्हीच वर्गात त्या एकेका शब्दावर तास-तासभर बोलतो. हा शब्द कवीने का योजला असेल, अशी चर्चा रंगवतो. तो शब्द कवीने योजला होता की संपादकाने, हे आम्ही किती वेळा तपासले? या लेखाच्या तिघाही लेखकांचे उत्तर सांगण्याजोगे नाही.

आमच्यातल्या तरुण सहकाऱ्याचा याला विरोध होता, आणि तो नोंदवणे आम्हांला आवश्यक वाटते. त्याचे म्हणणे असे: पहिल्यांदा पट्टी वाकवणाऱ्याला जर पुस्तिकेने सांगितले असते की या बरगडीची उंची वादग्रस्त आहे, तर आपण कणासुद्धा उभा केला नसता. नवशिक्याला ठाम रेषाच हवी. अकरावीच्या मुलापुढे पाठभेद मांडले तर तो कविताच टाकून देईल. बाईंचे उत्तर असे की आपण तो थर निर्धास्त बांधला तो ठाम रेषेमुळे, हे कबूल. पण चूक उमगली ती मात्र पेटीबाहेरची पुस्तके हाताशी होती म्हणून. मुलांपाशी काय आहे? पेटीबाहेर दुसरे काही असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही. आणि रेघ पाहून घाबरण्याइतकी मुले दुबळी असतात, हा समज शिक्षकांनी स्वतःच्या सोयीसाठी जोपासलेला आहे.

आमचे दोघांचे मत बाईंच्या बाजूने आहे, म्हणजे तरुण सहकारी अल्पमतात आहे; त्याने या मसुद्यावर सही केली ती आपले म्हणणे पूर्ण छापले जाईल या अटीवर. पाठ्यपुस्तकाच्या पानावर चाळीस तळटीपा आम्हांलाही नकोत. कवितेखाली दोन ओळी पुरतील: कोणत्या प्रतीवरून घेतली, काय बदलले. आणि जेथे शब्द खरोखरच डळमळीत आहे तेथे ती रेघ. छपाईच्या दृष्टीने यात आता कसलीही अडचण उरलेली नाही.

डेकचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. तो उचलायचा तर बरगड्यांची वरची टोके वाढवावी लागली असती, कठड्याची उंची बदलली असती आणि तोफांच्या खिडक्या नव्याने कापाव्या लागल्या असत्या. बाई करायला तयार होत्या. आमच्या हातांवर आमचा तेवढा भरवसा नव्हता, म्हणून डेक पेटीने दिला तेथेच राहिला. खालच्या पाटीवर जहाजाचे नाव आणि साल कोरून झाल्यावर बाईंनी अणकुचीदार कोरणीने ‘१८३१’ या आकड्याखाली एक नागमोडी रेघ ओढली. घरी येणाऱ्यांना ती समुद्राची लाट वाटते. शिडे अजून चढायची आहेत, आणि डोलकाठ्यांच्या दोरांवरच्या शिड्यांच्या गाठी, एकेका बाजूला शेकड्यांनी, बांधायच्या उरल्या आहेत. तरुण सहकारी त्या कामाला दर रविवारी येतो, आणि गाठ मारता मारता वाद पुन्हा काढतो.