राखेचा फुगलेला ठोकळा
औष्णिक वीजकेंद्रात दळलेला कोळसा जळाला की धुराबरोबर पिठासारखी करडी राख उडते. चंद्रपूर, कोराडीसारख्या ठिकाणी तिचे डोंगर साचतात. ही राख चुना, सिमेंट, थोडे जिप्सम आणि पाण्यात कालवून तीत अगदी थोडी अॅल्युमिनियमची पूड टाकतात. या पुडीची चुन्याशी क्रिया होऊन हायड्रोजन सुटतो आणि साच्यातले मिश्रण ढोकळ्यासारखे फुगते. वायू निघून जातो, छिद्रे उरतात. आळलेला गोळा तारेने कापून दाबाखालील सुमारे १९० अंश सेल्सिअसच्या वाफेत कित्येक तास शिजवतात. खरी बळकटी इथेच येते. मातीच्या विटेच्या जवळपास तिसऱ्या हिश्श्याइतक्या घनतेचा हा ठोकळा पाण्यावर तरंगतो, उष्णता अडवतो. त्याहून मोलाचे म्हणजे विटांसाठी खरवडली जाणारी शेतातली सुपीक माती वाचते. मात्र तो पाणी शोषतो. बाहेरून नीट गिलावा हवाच.