पदवीविना ग्रंथालयशास्त्र

आपल्यापैकी अनेकांच्या घरी वाडवडिलांनी मुंबई, पुणे वा कुलाबा जिल्ह्यातून आणलेली मराठी पुस्तके पेटीत पडून आहेत. त्यांत प्रार्थनांची भाषांतरे आहेत, कीर्तनांच्या वह्या आहेत. एखाद्या भाग्यवंताकडे पुण्यास १८७४ साली छापलेल्या मराठी हग्गादाची प्रतही असेल. ती वाचू शकणारी पिढी विरळ होत चालली आहे. या ग्रंथांची रीतसर नोंद करणार कोण? या प्रश्नावर सुचलेला एक मार्ग वाचकांपुढे मांडीत आहे.

येथे अमेरिकेत ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण मुख्यतः पदव्युत्तर असते. ग्रंथपालाच्या जागेसाठी बहुधा अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने मान्य केलेल्या अभ्यासक्रमाची पदवी मागतात. तिला वेळ व पैसा दोन्ही बरेच लागतात. परंतु अनेक विद्यापीठे पदवीधरास, पदवीसाठी नाव न नोंदविता, एकेक विषय शिकू देतात. अशांना नॉन-डिग्री विद्यार्थी म्हणतात. त्यांचे अध्यापक व परीक्षा इतरांच्याच असतात. आता पुष्कळसे वर्ग घरबसल्या संगणकावरही भरतात.

या मार्गाच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. नॉन-डिग्री विद्यार्थ्यास सरकारी शिक्षणसाहाय्य सहसा मिळत नाही. फी पदरची भरावी लागते. पुढे पदवीस प्रवेश मिळालाच, तर आधीची क्रेडिटे ठराविक मर्यादेपर्यंतच धरतात आणि प्रत्येक विद्यापीठाचा नियम निराळा असतो. तो आधी लेखी विचारून घ्यावा. ज्या तरुणांस ग्रंथपालाची नोकरी हवी, त्यांनी सरळ पदवीचाच अर्ज करावा, हे बरे.

मात्र निवृत्त झालेल्या, मराठी उत्तम जाणणाऱ्या आपल्या बंधुभगिनींस पदवीची गरज नाही. त्यांस तालिकीकरण व ग्रंथजतन हे दोन विषय पुरेत. उदाहरण पाहा. ड्युईच्या वर्गीकरणात यहुदी धर्मास २९६ हा अंक आहे, मराठी साहित्यास ८९१.४६. मग मराठी हग्गादा कोठे ठेवावी? विषयानुसार तिचे स्थान २९६ मध्ये. पण तालिकेत भाषा नोंदविली नाही, तर मराठी ग्रंथ शोधणाऱ्यास ती सापडणारच नाही. तसेच एकाच लेखकाचे आडनाव रोमन लिपीत तीन तऱ्हांनी छापलेले असले, तर त्या नोंदी एका नावाखाली कशा आणाव्यात, हेही शिकावे लागते.

हे पुस्तक वाचून येणार नाही काय, असे कोणी विचारील. थोडेफार येईल. परंतु आपली चूक दाखविणारा अध्यापक पुस्तकात भेटत नाही. सयाजीराव गायकवाडांनी १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास बोलावून ग्रंथालयांची घडी बसविली, ती याच जाणिवेने. आपणांस तर हे शिक्षण दाराशी आहे.

म्हणून माझी सूचना अशी: प्रत्येक शहरातील समाजाने एका इच्छुकाची एका विषयाची फी वर्गणीतून भरावी, आणि त्याने वा तिने त्या शहरातील घराघरांतील मराठी ग्रंथांची यादी करून द्यावी. खर्च फार नाही. मात्र ज्यांच्या आठवणीवर ही यादी उभी राहायची, ती वडीलधारी मंडळी आज आपल्यात आहेत. तेव्हा आरंभ त्यांच्या हयातीतच व्हावा.