पेशीची दुसरी सही

मोठ्या रकमेचा चेक दुसऱ्या अधिकाऱ्याच्या सहीखेरीज पास होत नसे. बँकेत माझी हयात या शिस्तीत गेली. पेशीतही तेच. दुप्पट होण्याआधी डीएनए शाबूत आहे का, हे पाहणारी जनुके असतात. त्यांतले पी-५३ निकामी झाले की तपासनीसच रजेवर! जवळपास निम्म्या कर्करोगांत ते बिघडलेले सापडते.

पेशीला विभाजनाकडे रेटतात ती सीडीके प्रथिने. यीस्ट व सागरी जीवांवर काम करून ही यंत्रणा उलगडणाऱ्या हार्टवेल, नर्स आणि हंट यांना २००१ चे नोबेल मिळाले. याच ज्ञानातून स्तनाच्या कर्करोगावरचे पाल्बोसिक्लिब निघाले. अमेरिकेत २०१५ मध्ये त्याला मान्यता मिळाली. आपल्याकडे जानेवारी २०२३ मध्ये पेटंट संपले, देशी गोळ्या आल्या, तेव्हा कुठे किंमत उतरली. त्याच जातीच्या रायबोसिक्लिबसाठी केरळ उच्च न्यायालयात गेलेली रुग्ण स्त्री मात्र २०२२ मध्ये, निकालाआधीच वारली.

संशोधनाचा खर्च वसूल व्हायला हवा, हे कर्जप्रस्ताव तपासलेला माणूस कसे नाकारील? पण आपल्या पेटंट कायद्यात सक्तीच्या परवान्याची सोय आहे. ती आजवर एकदाच वापरली गेली, २०१२ मध्ये, नेक्झाव्हार या कर्करोगाच्याच औषधासाठी.