आरोग्यविचार : पायऱ्या चढताना लागणारी धाप

अमरावती-अकोल्याच्या भाविकांना मुक्तागिरीच्या पायऱ्या परिचित आहेत. गेल्या वर्षी त्या सहज चढून गेलेली व्यक्ती यंदा दहा-बारा पायऱ्यांनंतर धापा टाकत बसते, तेव्हा घरची मंडळी म्हणतात, ‘वय झाले, वजन वाढले, रक्त कमी झाले असेल.’ पुष्कळदा ते खरेही असते. परंतु त्या व्यक्तीच्या पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात पूर्वी रक्ताची गाठ झाली असेल, तर एवढ्या खुलाशावर समाधान मानू नये.

फुप्फुसात अडकलेली गाठ शरीर हळूहळू विरघळवते आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे तिला वाढू देत नाहीत. शंभरांपैकी दोन-चार रुग्णांत मात्र ती विरघळत नाही. तिचा चिवट थर रक्तवाहिनीच्या भिंतीशी एकजीव होतो. वाट अरुंद झाल्याने फुप्फुसातील रक्तदाब वाढतो आणि हृदयाची उजवी बाजू थकू लागते. या दुर्मीळ विकारास ‘क्रॉनिक थ्रॉम्बोएम्बॉलिक पल्मनरी हायपरटेन्शन’ असे म्हणतात. दंडावर मोजलेला रक्तदाब यात अगदी योग्य असू शकतो, त्यामुळे रोग लपून राहतो. सुमारे पाव हिस्सा रुग्णांना तर पूर्वी फुप्फुसात गाठ झाल्याचे माहीतही नसते. विदर्भात आढळणाऱ्या सिकलसेल आजाराच्या रुग्णांतही अशा गाठींचा धोका अधिक असतो.

निदानाची पहिली पायरी म्हणजे हृदयाची इको तपासणी. ती अमरावती-अकोल्यातच होते. गाठीवर तीन महिने औषध घेऊनही धाप, पायांवर सूज किंवा चक्कर राहिली आणि इकोत दाब वाढलेला दिसला, तर ‘व्ही-क्यू स्कॅन’ आवश्यक ठरतो. फुप्फुसात हवा कोठे पोहोचते आणि रक्त कोठे पोहोचत नाही, हे त्यात दिसते. तो निर्दोष आला, तर हा विकार जवळजवळ नाहीच, असे समजावे. केवळ सीटी स्कॅनवर विसंबल्यास जुने थर नजरेतून सुटू शकतात. स्कॅनसाठी वऱ्हाडातील रुग्णास बहुधा नागपूर वा मुंबई गाठावी लागते. शेवटी हृदयात बारीक नळी घालून दाब मोजतात. तो सरासरी २० मिलिमीटरहून अधिक असल्यास निदान पक्के होते.

एवढी यातायात कशासाठी? कारण फुप्फुसाच्या रक्तदाबाच्या अनेक प्रकारांत औषधांनी केवळ आजार रोखून धरता येतो. या प्रकारात मात्र शस्त्रक्रियेने पुष्कळ रुग्णांचा दाब जवळजवळ पूर्ववत होतो. शरीर सुमारे २० अंशांपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण एका वेळी सुमारे २० मिनिटे थांबवून, शल्यविशारद वाहिनीचे आतील अस्तर सोलून काढतात. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे १९७० पासून ही शस्त्रक्रिया विकसित झाली. भारतात बंगळुरूच्या नारायणा हृदयालयासारख्या मोजक्या केंद्रांत ती होते. अनुभवी केंद्रांत शंभरांपैकी पंच्याण्णवांहून अधिक रुग्ण त्यातून सुखरूप बाहेर पडतात. थर फार आतल्या शाखांत असल्यास फुग्याने वाहिनी रुंद करणे किंवा रिओसिग्वाट हे औषध असे पर्याय आहेत.

उपचार कोणताही असो, रक्त पातळ ठेवणारे औषध जन्मभर घ्यावे लागते. येथे आपल्या व्रतनियमांचा संबंध येतो. वॉरफरिन घेणाऱ्याने चातुर्मासात हिरव्या भाज्या अचानक सोडल्या किंवा दशलक्षण पर्वात सलग उपवास केले, तर औषधाचा प्रभाव वाढून रक्तस्राव होऊ शकतो. रिव्हरॉक्साबॅनची नेहमीची मात्रा अन्नासोबत घ्यावयाची असते, ती सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाशी जोडता येते. म्हणून नियम घेण्यापूर्वी तो डॉक्टरांना सांगावा आणि आयएनआर तपासून मात्रा ठरवून घ्यावी. गोळी मनाने कधीही बंद करू नये.

हा विकार उशिरा ओळखला गेला, तर उजवे हृदय खचत जाते आणि उपचारांची वाट कठीण होते. घरातील कोणी गाठीच्या आजारातून उठले असेल आणि जिना चढताना पुन्हा थांबू लागले असेल, तर त्यांचे जुने कागद घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि एवढेच विचारावे, ‘ही जुन्या गाठीची धाप तर नव्हे?’