जेथे 'जणू' नसतो

कविता आणि मूकपट या दोहोंपासून प्रेरणा घेतल्याचे सांगणारे स्वतंत्र रशियन लघुपट अधूनमधून पाहण्यात येतात. कृष्णधवल चित्रण, मुद्दाम ओरखडे पाडलेली फीत, मध्येच एखादी पाटी आणि या सगळ्यावर संथ स्वरातले काव्यवाचन, असा त्यांचा सर्वसाधारण थाट असतो. अशा कृतींना 'काव्यात्म' हे विशेषण आपण फार लवकर बहाल करतो. वाचनाचा आवाज बंद केला तर पडद्यावर कविता कितीशी उरते, हे मात्र कोणी तपासत नाही. रशियन मूकपटाने ही परीक्षा शंभराहून अधिक वर्षांपूर्वी दिली होती, कारण त्याच्याजवळ आवाजच नव्हता. त्यामुळे या वारशाचे नाव घेणाऱ्यांनी निदान तो वारसा काय आहे हे नीट पाहावे, अशी आमची अपेक्षा आहे.

१९१८ साली व्लादिमीर मायकोव्हस्की 'नेप्चून' या खासगी चित्रसंस्थेसाठी तीन मूकपटांत उतरला. पटकथा त्याच्या आणि प्रमुख भूमिकाही त्याच्याच. जॅक लंडनच्या 'मार्टिन ईडन'वर आधारलेला एक चित्रपट आज उपलब्ध नाही. 'तरुणी आणि गुंड' हा दुसरा सुदैवाने टिकला. एदमोंदो दे आमिचिस या इटालियन लेखकाच्या कथेवरून घेतलेली ही गोष्ट साधी आहे. शिक्षिकेवर जीव जडलेला एक गुंड तिच्यासाठी मारामारी करतो आणि प्राणाला मुकतो. मायकोव्हस्कीचा तो कपाळावर आठ्या चढवलेला चेहरा विसरता येत नाही, हे खरे. पण चित्रपट म्हणून ही सरळसरळ गद्य कृती आहे. कवी पडद्यावर आला म्हणजे त्याच्यामागून कविताही येते असे नाही.

कविता होती ती तिसऱ्या चित्रपटात, आणि नेमका त्याचा एक छोटासा तुकडाच आज शिल्लक आहे. 'चित्रफितीत जखडलेली' असे त्याच्या नावाचे भाषांतर करता येईल. निकांद्र तुर्किन दिग्दर्शक, मायकोव्हस्की चित्रकाराच्या भूमिकेत आणि लिल्या ब्रिक नर्तिकेच्या. पटकथाही हरवलेली असल्याने कथानक आपल्याला कळते ते मुख्यतः लिल्या ब्रिकच्या आठवणींवरून. जगाला कंटाळलेल्या या चित्रकाराला माणसांच्या छातीच्या आत दिसू लागते. बायकोच्या छातीत हृदयाच्या जागी भांडी आहेत, मित्राच्या छातीत बाटल्या आणि पत्ते. पुढे तो 'पडद्याचे हृदय' नावाचा चित्रपट पाहतो, भान हरपून टाळ्या वाजवतो, आणि त्यातली नर्तिका पडदा सोडून खाली उतरते. बाहेरच्या जगात तिचा जीव रमत नाही. पडद्यासारखे पांढरे काही दिसले की ती त्याकडे झेपावते. शेगडीच्या पांढऱ्या फरशांवरून हात फिरवते, टेबलावरची चादर ओढते.

बस्टर कीटनच्या 'शेरलॉक ज्युनियर'मध्ये (१९२४) नायक पडद्यात शिरतो आणि वुडी ॲलनच्या 'द पर्पल रोझ ऑफ कैरो'मध्ये (१९८५) पडद्यावरचा नायक बाहेर येतो. त्या दोन्ही कल्पनांच्या आधीची ही कल्पना आहे, याचे कौतुक आहेच. आम्हाला त्याहून महत्त्वाची वाटतात ती छातीतली भांडी.

उपमा शिकवताना आपण चार घटक सांगतो: उपमेय, उपमान, साधारण धर्म आणि साधर्म्यवाचक शब्द. मूकपटाजवळ यांतले पहिले दोन आहेत. तिसरा प्रेक्षकाने शोधायचा. चौथा मात्र त्याच्याजवळ नाहीच. 'जणू', 'सारखे', 'गमे' यांचे चित्र काढता येत नाही. (पाटीवर लिहिता येते आणि सुमार मूकपटांनी ते भरपूर लिहिलेही, पण तो साहित्याकडून उसना घेतलेला शब्द.) त्यामुळे पडद्यावर जे दाखवले ते असतेच. बायकोचे हृदय भांड्यांसारखे आहे असे तेथे म्हणता येत नाही. तेथे भांडीच असतात. उत्प्रेक्षेची वाटच बंद झाल्यामुळे मूकपटाला थेट रूपकाकडे, बहुधा अतिशयोक्तीकडेच जावे लागते.

मायकोव्हस्कीची कविता पडद्याविनाही हेच करीत होती. 'विजार घातलेला ढग' (१९१५) या दीर्घकवितेत हृदयाला आग लागते, आणि ती विझवायला खरोखरीच अग्निशामक दलाचे लोक येतात. रूढ झालेला वाक्प्रचार शब्दशः खरा मानायचा आणि त्याचे परिणाम शेवटपर्यंत भोगायचे, ही त्याची रीत. रोमान याकोब्सनने या रीतीला 'रूपकाचे वास्तवीकरण' अशा अर्थाची संज्ञा दिली. ज्या कलेत वास्तवीकरणावाचून गत्यंतर नाही अशा कलेकडे हा कवी ओढला गेला, यात आम्हाला नवल वाटत नाही.

१९२७ साली रशियन रूपवाद्यांनी 'चित्रपटाचे काव्यशास्त्र' हा लेखसंग्रह काढला. त्यात बोरिस आयखेनबाउमने एक मार्मिक मर्यादा सांगितली आहे. चित्रपटातले रूपक प्रेक्षकाच्या भाषेतल्या रूपकावर जगते. भाषेत ते नसेल तर पडद्यावरचे चित्र मुकेच राहते. त्याच संग्रहात व्हिक्टर श्क्लोव्हस्कीने चित्रपटातले गद्य आणि पद्य वेगळे करण्याचा प्रयत्न केला. कथानकाच्या अर्थाने गाठ सुटते ते गद्य. रचनेच्या, पुनरावृत्तीच्या बळावर सुटते ते पद्य. पुदोव्किनच्या 'आई'ला (१९२६) त्याने अर्धा माणूस, अर्धा घोडा अशा सेंटॉरची उपमा दिली, कारण तो चित्रपट गद्यात सुरू होतो आणि पद्यात संपतो.

'आई'च्या शेवटी कामगारांचा मोर्चा निघतो आणि नदीवरचे बर्फ फुटून वाहू लागते. ही नदी कथेतलीच; तुरुंगातून पळालेला मुलगा त्याच बर्फाच्या लाद्यांवरून पलीकडे जातो. आयझेन्स्टाइनच्या 'संप'मध्ये (१९२५) कामगारांच्या हत्याकांडात गुरांच्या कत्तलीची दृश्ये मिसळली आहेत. ती कथेबाहेरून आणलेली आहेत. दोन्ही ठिकाणी 'जणू' नाही; पण 'संप' पाहताना दिग्दर्शक तो शब्द मनातल्या मनात ओरडत असल्यासारखे वाटते. 'आई'त बर्फ आणि माणसे यांचे बाह्य साम्य थोडेच, तरी दोन्हींतून एकच भावना उसळते. मर्ढेकरांची भावनानिष्ठ समतानता म्हणतात ती आम्हाला येथे अधिक शुद्ध रूपात दिसते. 'संप'चे चाहते रागावतील. त्यांनी ते कत्तलदृश्य पुन्हा एकदा पाहावे.

आता आवाजी काव्यवाचनाच्या लघुपटांकडे वळू. निवेदक ओळ वाचतो, पडद्यावर ओळीतली वस्तू येते: पाऊस म्हटले की पाऊस, खिडकी म्हटले की खिडकी. उपमेय आवाजात, उपमान चित्रात आणि 'जणू'ही आवाजातच. चित्राला करण्यासारखे काही उरतच नाही; ते पाठ्यपुस्तकातल्या चित्रासारखे कवितेशेजारी बसून राहते. ओरखडे पाडून फीत जुनी दिसेल, तिला मूकपटाची शिस्त लाभणार नाही. कवितेवर लघुपट करू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू, की कविता आधी अनेकदा वाचावी आणि चित्रीकरणाला जाताना ती घरी ठेवावी.

मायकोव्हस्कीने १९२६ साली नर्तिकेच्या त्या कल्पनेवर 'चित्रपटाचे हृदय' ही नवी पटकथा लिहिली. तिच्यावर चित्रपट झाला नाही. त्याच सुमाराची त्याची 'कसे काय चालले आहे?' ही पटकथा चित्रित करण्याची लेव्ह कुलेशोव्हची इच्छा होती. सोव्हकिनोने ती नाकारली. १९१८ च्या चित्रपटाची जाहिरात त्याने स्वतः रंगवली होती. तीत लिल्या ब्रिक चित्रफितीच्या वेटोळ्यांत अडकलेली दिसते. अभ्यासवर्गात शिल्लक तुकडा दाखवायचा झाला तर त्याच्याबरोबर ही जाहिरातही दाखवावी, आणि तुकड्याला पार्श्वसंगीत लावू नये.