भोंगा वाजला, पण भाकरी कोण करणार?

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. लॉकडाऊनमध्ये मुलांच्या हाती आलेले मोबाईल शाळा उघडल्यावरही सुटेनात, म्हणून 2022 साली या गावाने एक मार्ग काढला. संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजवायचा. मग दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद, मुलांनी अभ्यासाला बसायचं. आशा, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक यांनी घरोघर जाऊन हे पटवलं.

शाळा सुटल्यावरही मुलांचं शिक्षण ही गावाची जबाबदारी आहे, हे मला मनापासून पटतं. आमच्या लासूर स्टेशनलाही असा भोंगा वाजावा. पण मैत्रिणींनो, 7 वाजता घरात काय चालू असतं, हे आपल्याशिवाय कोण सांगणार? दिवसभर कापूस वेचून आई नुकती परतलेली असते. तिच्या हाताशी कोण? मुलगीच. पीठ मळायचं, भांडी घासायची, धाकट्याला सांभाळायचं. भोंगा दोघांसाठी वाजतो, पुस्तक मात्र भावाचं उघडतं. आणि वर आपणच म्हणतो, पोरीला अभ्यासाची गोडी नाही!

मोबाईलचंही तेच. 2020 साली शाळा मोबाईलवर आली, तेव्हा किती घरांत एकच फोन होता आणि तो कोणाच्या खिशात होता, हे आठवून पाहा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, स्वतः वापरायला मोबाईल असलेल्या 15 ते 49 वयाच्या बाया देशभरात 54 टक्केच निघाल्या. घरात यंत्र आलं म्हणजे ते मुलीच्या हाती आलं, असं होत नाही.

मग करायचं काय? ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणं आपल्या राज्यात कायद्याने बंधनकारक आहे. तिथे हा विषय आपणच मांडू. त्या दीड तासात मुलीला घरातलं एकही काम सांगायचं नाही. चूल एकट्या आईवरही टाकायची नाही. भाकरी बापालाही शिकता येते. ज्यांच्या घरी जागा नाही, त्या मुलींसाठी समाजमंदिर उघडं हवं, तिथे दिवा आणि संडास हवा, परतताना सोबतीला गटातल्या दोघीजणी हव्यात. बचत गटाने एक फोन फक्त मुलींच्या अभ्यासासाठी ठेवावा.

एवढं ठरलं तरच भोंगा वाजवायचा. नाहीतर तो फक्त मुलग्यांचा भोंगा होईल.